दम पुरला पाहिजे : उपासनेचं गीत लिहिताना

जळगाव जिल्ह्यात धरणगाव भागातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर बसतो. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या सुरू होतात. भरली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, पावती. दिवसभर हेच. माझी निम्मी गीतं काटापावतीच्या कोऱ्या बाजूला लिहिलेली आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या चर्चच्या युवक संघातली पोरं विचारतात, “दादा, प्रभूसाठी गाणं लिहायचंय, पण निवांतपणाच मिळत नाही.” मला तो अजून मिळालेला नाही.

माझं पहिलं गीत नाताळसाठी होतं. वय एकोणीस. शब्दकोश उघडून बसलो होतो. करुणासिंधू, तेजोमय, त्रैलोक्यनायक, जे जे भारदस्त दिसलं ते घातलं. उपासनेत गायलो तेव्हा पेटीवाला आणि मी असे दोघंच गात होतो, बाकीची मंडळी वहीकडे बघत बसली. बाहेर आल्यावर चपला शोधता शोधता एक आजी अहिराणीत म्हणाल्या, “गानं चांगलं शे रे भो, पन मन्हा दम पुरत नही.” मी हसलो. म्हातारपण आहे, असं मनात म्हटलं.

ती टीका गाण्यावर होती हे कळायला मला चार वर्षं लागली. पुढे कधीतरी ती वही काढून पहिल्या ओळीची अक्षरं मोजली. तेवीस, आणि मध्ये थांबायला जागा नाही! सत्तरीची बाई, घरून पायी आलेली, सतरंजीवर मांडी घालून बसलेली. तिने श्वास कुठे घ्यायचा? तेव्हापासून माझी एक सवय आहे. नवी ओळ चालता चालता मोठ्याने म्हणतो. काट्यापासून गोडाऊनच्या दारापर्यंत जाताना ती एका श्वासात सुखाने म्हणता आली तर राहते, नाहीतर मोडतो. कविता वाचणारा मनातल्या मनात वाचतो, त्याला दम लागत नाही. गीत लिहिणाऱ्याला पन्नास जणांच्या छातीचा हिशोब धरावा लागतो.

हा हिशोब मराठीत आधीच करून ठेवलेला आहे. मोठ्या अभंगाचा चरण घ्या : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याला यमक. सहा अक्षरं म्हटली की श्वासाला जागा मिळते, आणि शेवटच्या चारांवर सगळी मंडळी एकदम टेकते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भक्ती अभंगात मांडली, तेव्हा लोकांना ती म्हणायला शिकवावी लागली नसणार. चाल तोंडात होतीच. त्याच्याही फार आधी, १६१६ मध्ये, गोव्यात राचोलला फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही ओवीत. परदेशी माणसाला जे सुचलं ते मला एकोणिसाव्या वर्षी सुचलं नाही.

टिळकांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगूनच टाकतो, आमच्या गावाला तिचा अभिमान आहे. जळगावला १९०७ मध्ये कविसंमेलन भरलं, त्यात धरणगावचा ठोंबऱ्यांचा पोरगा कविता म्हणून गेला आणि बालकवी झाला. पुढे तो टिळकांच्या घरी नगरला राहिलाही. ख्रिस्ती घराचा आणि आमच्या मातीचा कवितेवरून असा जुना घरोबा आहे.

आता मजकुराकडे येतो, कारण नवे लोक अडकतात ते तिथेच. बहुतेक पहिली गीतं ऐकून ऐकून लिहिलेली असतात. हिंदी गाण्यांतले शब्द मराठीत आणायचे : महिमा, अभिषेक, अग्नी, विजय. माझ्या एका गीतात “सर्वस्व वाहिले तुझ्या चरणी” अशी ओळ होती. ती लिहिली त्याच आठवड्यात अर्पणाच्या थैलीत दहाची नोट टाकताना मी वीसची परत खिशात ढकलली होती. मी खोटं बोललो ते बोललोच, वर सगळ्या मंडळीला माझ्यामागे खोटं बोलायला लावलं. तेव्हापासून “मी” हा शब्द गीतात घालताना हात थांबतो. तो “मी” उद्या दुसऱ्याच्या तोंडात जाणार असतो. “सर्वस्व वाहिले” कापून “सर्वस्व मागतोस, हात थरथरतो” असं केलं. साधी ओळ आहे, पण ती म्हणताना कुणाला नजर चुकवावी लागत नाही.

दुसरी चूक पाळकांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, पकडली. पश्चात्तापाच्या गीतात मी लिहिलं होतं की माझ्या आसवांनी माझं पाप धुतलं. म्हणायला गोड. पाळक म्हणाले, “मग वधस्तंभ कशासाठी?” कृपेने तारण होतं, आपल्या कर्माने नाही, हे मी रविवारच्या शाळेत पाठ केलेलं, आणि रडणं हेही कर्मच की! लोक प्रवचन जेवणापर्यंत विसरतात, गीत मात्र वर्षानुवर्षं म्हणतात, त्यामुळे गीतातली चूक जास्त मुरते. लिहून झाल्यावर पाळकांना दाखवा. मान खाली घालून ऐका, वाद दोन दिवसांनी घाला.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. माझ्या भावाचं वावर लांबून हिरवंगार दिसायचं. जवळ जाऊन बघितलं तर डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, आणि कैरी, म्हणजे कच्चं बोंड, फोडली की आत अळी. जे वेचलं त्यात कवडीच, म्हणजे किडका कापूसच, जास्त. काट्यावर मी लोकांच्या गाड्या तोलत होतो, आणि भावाची गाडी अर्धीच भरून आली. त्या रविवारी माझ्यावर स्तुतीचं गीत म्हणण्याची पाळी होती. मला म्हणवेना. पाळकांनी बायबलातलं स्तोत्र १३ उघडून हातात दिलं. सहाच वचनं, त्यातल्या पहिल्या दोनांत देवाला चार वेळा एकच प्रश्न : किती वेळ? मग स्तोत्र ८८ दाखवलं. ते तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. दीडशे स्तोत्रांत हेही ठेवलेलं आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

त्या आठवड्यात पावतीमागे लिहिलेल्या गीताला मी शेवटी विजयाचं कडवं जोडलं नाही. काही जणांना ते खटकलं, “निराशा पसरते” असं म्हणाले. पण ज्यांच्या घरी कपाशी होती ते उभे राहून म्हणाले. नव्यांना माझं सांगणं असं की वर्षभर फक्त स्तोत्रसंहिता वाचा, रोज एक. आधी साध्या गद्यात, आपण घरी बोलतो तशी, देवाला चिठ्ठी लिहा. त्यातलं जे वाक्य दुसऱ्या दिवशीही डोक्यात फिरत असेल ते तुमचं ध्रुवपद. बाकीचं कडव्यांत जाईल किंवा केरात जाईल.

चालीबद्दल थोडक्यात. सिनेमाच्या चालीवर बसवू नका. लोकांना मूळ गाणंच आठवतं, शिवाय चाल दुसऱ्याच्या मालकीची असते. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांच्या चाली मला फार आवडतात, एकदा वापरून पाहिली, पण मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना त्या चालीबरोबर देवीच डोळ्यांसमोर यायची. मी सोडून दिली. चाल वाईट नव्हती, पण उपासनेत त्यांचं मन अडकत होतं. जात्यावरच्या ओवीला मात्र कुणाचीच हरकत नव्हती. बायका-पुरुष एकत्र गाणार असतील तर चाल एका सप्तकात ठेवा. वर चढली की पुरुष गप्प, खाली उतरली की बायका गप्प. आणि पेटीशिवाय, टाळीवर म्हणून बघा. पेटी बऱ्याच उणिवा झाकते.

मेंढपाळाचं गीत प्रत्येक जण लिहितो, मीही दोनदा लिहिलं. पहिल्यात हिरवी कुरणं आणि संथ झरे होते. उन्हाळ्यात आमच्याकडे कुठली कुरणं? मग एका वर्षी भावाच्या वावरात ठेलाऱ्यांचा, म्हणजे फिरत्या मेंढपाळांचा, वाडा उतरला, खतासाठी मेंढ्या बसवायच्या होत्या. मी संध्याकाळी जाऊन बसायचो. घोड्यावरून भांडीकुंडी उतरवली तशी त्यातून दोन-चार दिवसांचं एक कोकरूही उतरवलं. दुसरं एक काट्यात अडकलं होतं. तो माणूस त्याला ओरडत, शिव्या देत गेला, आणि एका हाताने उचलून काखेत मारून आला. कोकराच्या पायातला काटा त्याने बसल्यावर काढला, आधी नाही. रात्री पावतीमागे हे उतरलं :

काळ्या वावरात, चुकलो मी वाटा,
पायी रुते काटा, उचल तू

मोजून बघा, सहा-सहा-सहा-चार. गीत देवाबद्दल न राहता देवाशी झालं, तेही त्या काखेतल्या कोकरामुळे.

पुढच्या महिन्यात ते उपासनेत म्हटलं. त्याच आजी, आता काठी घेऊन येणाऱ्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. दुसऱ्या वेळेला त्यांचा आवाज माझ्या आवाजाच्या वर आला. शेवटचा तुकडा त्या वेगळाच म्हणत होत्या, “उचली ले.” घरी येऊन बोटांवर मोजलं. चार अक्षरं. वहीत “उचल तू” खोडून तसंच लिहिलं.