मोबाइलवर टायपिंग वाचवायचं तर शॉर्टकटचं नाव आधी नीट ठेवा

फोनवर रोज तीच ती वाक्यं टाइप करून कंटाळलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: ‘बोलून टाइप कर.’ ज्यांनी ईमेल आयडी बोलून टाइप करून पाहिलाय, त्यांना या सल्ल्याची किंमत माहीत आहे. शिवाय चार माणसांत बसलेलं असताना स्वतःचा पत्ता फोनला मोठ्याने सांगायचा, हेही बरं दिसत नाही. कीबोर्डमध्येच असलेली शॉर्टकटची सोय यापेक्षा कितीतरी कामाची आहे. दोन-तीन अक्षरं टाइप केली की पूर्ण वाक्य हजर. बहुतेक फोनांत ही सोय आधीपासून असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. तरीही बरेच जण दोन दिवस वापरून ती सोडून देतात. सोय वाईट असते म्हणून नव्हे, शॉर्टकटची नावं वाईट ठेवलेली असतात म्हणून. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत.

काय काय साठवायचं

स्वतःचे पाठवलेले मेसेज उघडा आणि गेल्या आठवड्यात काय काय पुन्हा पुन्हा लिहिलंय ते पाहा. त्यातली पाच वाक्यं निवडा. पाचच. ‘शंभर उपयोगी शॉर्टकट’ छापाच्या तयार याद्या मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. दुसऱ्याची वाक्यं तुमच्या तोंडी बसत नाहीत आणि शंभरातले पंच्याण्णव आठवतही नाहीत. ‘ठीक आहे’साठी शॉर्टकट करण्यात अर्थ नाही, ते कीबोर्ड स्वतःच सुचवतो. पत्ता, ईमेल, नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर, कामाच्या मेसेजची सुरुवात आणि शेवट, अशा गोष्टी घ्या.

कुठे साठवायचं

आयफोनवर: सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट, आणि वरचं अधिक चिन्ह. वरच्या चौकटीत पूर्ण मजकूर, खालच्या चौकटीत शॉर्टकट. तिथे ‘ओएमडब्ल्यू’ हा एक शॉर्टकट कंपनीने आधीच ठेवलेला दिसेल. तो टाइप केला की उद्गारचिन्हासकट ‘ऑन माय वे!’ उमटतं. नको असेल तर काढून टाका. खालची चौकट रिकामी सोडून नुसता शब्द साठवला तर फोन तो शब्द ‘दुरुस्त’ करायचं थांबवतो. ज्यांच्या आडनावाचं फोन रोज भलतंच काही करतो, त्यांनी एवढं तरी आजच करून टाकावं.

अँड्रॉइडवर जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) असेल तर कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरी. तिथे भाषा निवडावी लागते. मराठी कीबोर्डवर वापरायचा शॉर्टकट इंग्रजीच्या यादीत टाकला आणि मग तो येत नाही म्हणून फोनला नावं ठेवली, असं फार होतं. सॅमसंगच्या कीबोर्डमध्ये ‘टेक्स्ट शॉर्टकट्स’ नावाचीच वेगळी जागा आहे. स्विफ्टकी या कीबोर्डमध्ये क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर राहतो ती जागा) पिन केलेल्या मजकुराला शॉर्टकट देता येतो.

एक फरक आधीच समजून घ्या. आयफोनवर शॉर्टकट टाइप करून स्पेस दिली की मजकूर आपोआप बदलतो. जीबोर्डवर तो वरच्या सूचनांच्या पट्टीत दिसतो आणि तिथे बोट लावावं लागतं. अँड्रॉइडवाल्यांची ‘माझ्या फोनवर चालतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा याच कारणाने असते. ते स्पेस दाबून वाट पाहत बसतात आणि पट्टीकडे बघतच नाहीत. सूचनांची पट्टी बंद करून ठेवली असेल तर आधी ती चालू करा.

नाव ठेवणं: इथेच सगळं अडतं

मीही सगळ्यात जास्त इथेच अडले, आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात.

पहिला चुकीचा सल्ला: ‘सोपा, लक्षात राहील असा शब्द ठेवा.’ म्हणजे घरच्या पत्त्यासाठी ‘घर’. आता ‘मी घर सोडतेय’ असं लिहायला घ्या. ‘घर’ लिहून स्पेस दिली की आयफोन तिथे पिनकोडसकट पूर्ण पत्ता ओतून ठेवतो. घाईत पाठवायचं बटण दाबलं तर तुमचा पत्ता कुणाकडे गेला ते नंतर कळतं. भाषेत जो शब्द खरोखर वापरात आहे तो शॉर्टकट म्हणून कधीही ठेवायचा नाही. याला अपवाद नाही.

दुसरा सल्ला: ‘वाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरं घ्या.’ ‘मी थोड्या वेळात फोन करते’चं ‘मथवफक’. ऐकायला हुशारीचं वाटतं. पण हे आठवायचं तर आधी वाक्य शब्दशः आठवावं लागतं, आणि पुढे कधी ‘थोड्या वेळात’चं ‘तासाभरात’ केलं की नाव आणि वाक्य यांचा काही संबंधच उरत नाही. नाव वाक्यावरून ठेवू नका, कामावरून ठेवा. वाक्य बदलत राहतं, काम तेच राहतं.

तिसरा सल्ला संगणकावरून आलेला आहे: ‘शॉर्टकटची सुरुवात अर्धविरामाने किंवा हॅशने करा, म्हणजे खऱ्या शब्दांशी गल्लत होणार नाही.’ संगणकावर हे उत्तम, कारण तिथे अर्धविराम करंगळीखालीच असतो. फोनवर तोच चिन्हांच्या वेगळ्या पानावर असतो. पान बदला, चिन्ह दाबा, पुन्हा अक्षरांवर या. तेवढ्यात अर्धं वाक्य लिहून झालं असतं.

मराठीत याला सुरेख पर्याय आहे. आपल्याकडे ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही. बाळ, वेळ, मुळे, काळजी यांत ‘ळ’ मधे येतो किंवा शेवटी, पण सुरुवातीला नाही. म्हणून प्रत्येक शॉर्टकट ‘ळ’ने सुरू करा. पत्त्यासाठी ‘ळप’, ईमेलसाठी ‘ळम’, ‘कामात आहे, नंतर बोलू’साठी ‘ळन’. खऱ्या शब्दाशी टक्कर होण्याचा प्रश्नच मिटतो, आणि कुठलाही शॉर्टकट आठवायचा म्हटलं तरी सुरुवात ठरलेली असते. काही कीबोर्डांवर ‘ळ’ साठी बोट दाबून धरावं लागतं किंवा तो दुसऱ्या पानावर असतो. तिथे कामाचं पहिलं अक्षर दोनदा टाइप करा: पत्त्यासाठी ‘पप’. इंग्रजी कीबोर्डवरही हीच दुहेरी अक्षराची युक्ती चालते, कारण दुहेरी अक्षराने सुरू होणारे इंग्रजी शब्द मोजकेच आहेत.

काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांतलं काहीही शॉर्टकटमध्ये नको. प्रत्येक मात्रा म्हणजे आणखी एक टिचकी. सुट्टी व्यंजनं, दोन किंवा तीन, बस. ही कल्पना नवी नाही. 1879 साली वॉल्टर फिलिप्स याने तारेने बातम्या पाठवणाऱ्यांसाठी संक्षेपांचा एक कोडच तयार केला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी आजही वापरला जाणारा ‘स्कोटस’ हा संक्षेप त्यातलाच. बातमीत दुसऱ्या कुठल्या अर्थाने तो सहसा येणारच नाही, हीच त्याची खुबी.

आता शेजारच्या अक्षरांचं. वर्णमालेच्या क्रमाने मांडलेल्या कीबोर्डवर ‘प’ आणि ‘फ’ एकमेकांना चिकटून असतात. ‘ळप’ म्हणजे पत्ता आणि ‘ळफ’ म्हणजे ‘फोन करू नका, मेसेज करा’ असं ठेवलंत, तर कधी ना कधी पत्ता विचारणाऱ्याला फोन न करण्याची तंबी जाणार. ज्यांची अदलाबदल महागात पडेल असे दोन शॉर्टकट कीबोर्डवर लांब लांब ठेवा.

एकाच कामाचे दोन प्रकार असतील तर तिसरं अक्षर जोडा: घरचा पत्ता ‘ळपघ’, कार्यालयाचा ‘ळपक’. नुसता ‘ळप’ मग कशालाच देऊ नका. स्पेसनंतर बदलणाऱ्या कीबोर्डवर तो चालेल, पण स्पेसची वाट न पाहता लगेच मजकूर टाकणारी अ‍ॅप्सही असतात. तिथे ‘ळप’ टाइप होताच पत्ता येतो आणि ‘ळपक’पर्यंत तुम्ही पोहोचतच नाही.

रोमन अक्षरं टाइप करून मराठी लिहिणाऱ्यांना एक वेगळी अडचण येते. त्यांचा कीबोर्ड प्रत्येक अक्षराचा मराठी शब्द करायच्या मागे असतो, त्यामुळे शॉर्टकट आणि लिप्यंतर एकमेकांच्या पायात येतात. माझं स्पष्ट मत: शॉर्टकटसाठी थेट देवनागरी कीबोर्ड घ्या, किंवा शॉर्टकट इंग्रजी कीबोर्डवर ठेवा. विस्तारलेला मजकूर मराठीत असायला काहीच हरकत नाही. साठवल्या साठवल्या एका कोऱ्या नोटमध्ये टाइप करून पाहा. तिथे उमटला नाही तर मेसेजमध्येही उमटणार नाही.

मजकूर कसा लिहायचा

मराठीत एकेका नामासाठी शॉर्टकट करू नका. शॉर्टकट उलगडतो तो स्पेसनंतर, आणि आपल्याला तर शब्दाला प्रत्यय चिकटवायचा असतो. ‘व्यवस्थापकीय संचालक’ उमटलं, पुढे ‘ांना’ लावायला मागे जाऊन स्पेस खोडा, आधीचं अक्षर तपासा. वाचवलेला वेळ तिथेच गेला. पूर्ण वाक्य साठवा. ‘आम्ही व्यवस्थापकीय संचालकांना कळवलं आहे.’ हे कामाचं.

वाक्यही असं हवं की कुणालाही पाठवता येईल. ‘तुझा मेसेज मिळाला’ वरिष्ठांना गेला तर पंचाईत, ‘आपला मेसेज मिळाला’ मित्राला गेला तर तो आठवडाभर चेष्टा करेल. ‘मेसेज मिळाला. पाहून संध्याकाळपर्यंत कळवलं जाईल.’ यात तू-तुम्ही नाही, करतो-करते नाही. घरात दोघं मिळून एक फोन वापरत असतील तर हे आणखी उपयोगी. तारीख, वार आणि रक्कम साठवलेल्या वाक्यात कधीच नको. कीबोर्डमधला शॉर्टकट जसाच्या तसा मजकूर टाकतो, आजची तारीख त्याला ठाऊक नसते.

आयफोनच्या चौकटीत एंटर दाबून नवी ओळ करता येत नाही. त्यामुळे पत्ता स्वल्पविराम देऊन एकाच ओळीत लिहा. मॅक जवळ असेल तर तिथल्या सेटिंगमध्ये ऑप्शन धरून रिटर्न दाबलं की ओळ तुटते, आणि आयक्लाउडचं खातं एकच असेल तर तो शॉर्टकट तसाच फोनवर येतो.

ईमेलच्या शॉर्टकटची एक खोड: स्पेस देऊन उलगडला की शेवटी ती स्पेस उरते. लॉगिनच्या चौकटीत काही वेबसाइट्स मग ‘ईमेल चुकीचा आहे’ म्हणून अडून बसतात, आणि डोळ्यांना तर चूक दिसत नाही. एकदा बॅकस्पेस मारा, मग पुढे जा.

काय साठवायचं नाही

पासवर्ड, पिन, कार्डाचा नंबर. ही यादी साध्या मजकुरात असते. अनलॉक केलेला फोन ज्याच्या हातात आहे तो सेटिंग्जमध्ये जाऊन ती सरळ वाचू शकतो, आणि तुमच्या खात्याच्या दुसऱ्या उपकरणांवरही ती जात असते. पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजर वापरा. ‘फक्त मलाच कळेल असा शॉर्टकट ठेवलाय’ हा बचाव इथे कामाचा नाही, कारण शॉर्टकटच्या शेजारीच पूर्ण मजकूर लिहिलेला असतो.

वेगळं अ‍ॅप कधी घ्यायचं

आजची तारीख आपोआप हवी असेल किंवा मजकुराच्या मधोमध कर्सर थांबायला हवा असेल, तरच. अँड्रॉइडवर अशी अ‍ॅप्स बहुधा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, म्हणजे स्क्रीनवरचा आणि तुम्ही टाइप करता तो मजकूर त्यांना दिसू शकतो. आयफोनवर बाहेरच्या कीबोर्डला ‘पूर्ण प्रवेश’ दिला की टाइप केलेला मजकूर त्या कंपनीकडे जाऊ शकतो. कुणाला ही परवानगी देतोय ते पाहूनच द्या. अँड्रॉइडवर असं अ‍ॅप मधेच काम करायचं थांबलं तर बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने त्याला झोपवलंय का, ते आधी तपासा.

सवय लावणं

शॉर्टकट असूनही पूर्ण वाक्य लिहून बसलात, तर पाठवण्याआधी ते खोडा आणि शॉर्टकटने पुन्हा आणा. वैतागवाणं आहे, पण बोटं यानेच शिकतात. पाच शॉर्टकट हाताला बसल्याशिवाय सहावा करू नका. महिनाभरात एकदाही न वापरलेला काढून टाका. कीबोर्ड बदलला की त्यातले शॉर्टकट सोबत येतीलच असं नाही, म्हणून पूर्ण यादी एका नोटमध्ये उतरवून ठेवा, डावीकडे शॉर्टकट आणि उजवीकडे मजकूर.