क्रूझच्या शेवटच्या सकाळी नाश्त्याला काय खावं?

क्रूझ मुंबईला सकाळी लागते, आपली विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळची. गावी पोचेस्तोवर दुसरा दिवस उजाडतो. त्यात शेवटच्या सकाळी खोली लवकर सोडायची असते, म्हणून बुफेत ही झुंबड!

१. बुफे उघडताच जा.
२. आधी इडली किंवा उपमा, मग दही, केळं, चालत असेल तर उकडलेलं अंडं. पुरीभाजीकडे हात जातोच, पण बॅगा ओढत रांगेत उभं राहिलं की तीच घशाशी येते. तर्रीपोहेवाल्यांना हे मिळमिळीत लागेल. लोणच्याची फोड घ्या.

सांभाळा: मोठ्या बॅगा बहुतेक जहाजांवर आदल्या रात्रीच द्याव्या लागतात. नाश्त्यानंतरची बीपीची गोळी अन् आधार कार्ड हातपिशवीतच ठेवा.