कधी चालू होते, कधी नाही: गॅरेजात नव्याने आलेल्यांसाठी

सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, कायमचा गेलेली गाडी नवख्याच्या हातीही सुटते. छळते ती कधी चालू होणारी, कधी न होणारी. गिऱ्हाईक वैतागून येतो, तुमच्यासमोर चावी फिरवतो आणि गाडी एका दमात चालू. गोव्यात फर्मागुढीच्या आयटीआयमधून बाहेर पडून म्हापशाला कामाला लागलो तेव्हा मला वाटायचं, मीटर (मल्टिमीटर) हातात असला की झालं. अजूनही अशी गाडी आली की पोटात गोळा येतो. तुम्हालाही येत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बॉनेट उघडण्याआधी एवढंच विचारा: सेल्फ फिरतो का? सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा एक आजार. सेल्फच घेत नाही, हा दुसरा. पहिल्यात पेट्रोल, स्पार्क, सेन्सर. दुसऱ्यात बॅटरी, केबल, रिले (चावीच्या इशाऱ्यावर करंट जोडणारा छोटा स्विच), सेल्फ. हे न विचारता पाना उचलणारा दुपारपर्यंत घाम गाळत बसतो.

पहिल्या आजाराची आपल्याकडची ठरलेली जागा म्हणजे फेरीबोट. रायबंदरहून चोडणला जाताना तापलेली गाडी बोटीवर बंद करतात. पंखा थांबतो, इंजिनभोवतीची उष्णता तिथेच कोंडते आणि उतरायच्या वेळी सेल्फ नुसता फिरत राहतो. मागून हॉर्न. गार झाल्यावर गाडी गुपचूप चालू. इथे पहिला संशय क्रँक सेन्सरवर घ्या, म्हणजे इंजिनाचा क्रँकशाफ्ट फिरतोय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलला नाही तर संशय दाट. स्कॅनरवर पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड आला तर उत्तमच, पण नाही आला म्हणून सेन्सर सुटला असं नाही. तपासायचा तो गरम असताना.

आता दुसरा आजार. इथे जरा जास्त बोलणार आहे, कारण मी इथेच फसलो. मोरजी-मांद्रे भागातल्या रेंट-अ-कॅबच्या गाड्या पावसाळ्यात उभ्या असतात. खारी हवा, दमट हवा. बॅटरीच्या निगेटिव्हची जी जाड केबल बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाते, तिच्या लगच्या (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या चकतीच्या) आत, रबराखाली हिरवा गंज धरतो. बाहेरून केबल ठणठणीत दिसते. मीटर ओहमवर लावला तर जवळजवळ शून्य. आपण म्हणतो अर्थिंग चांगलं आहे, आणि चांगला सेल्फ उतरवायला घेतो.

तो शून्य फसवा असतो. ओहमवर असताना मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. त्याला तांब्याची एक तार शाबूत असली तरी पुरते. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर लागतात. ०.०१ ओहमचा रोध आणि १५० अँपिअर, म्हणजे दीड व्होल्ट वाटेतच गेले. ०.०१ ओहम आपल्या मीटरवर दिसणारच नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. त्यात इंजिन माउंटिंगवर हलतं, केबल वाकते, आज जोडली जाते, उद्या नाही.

म्हणून मोजायचं ते लोड असताना, म्हणजे सेल्फ मारताना. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन पकडणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक सेल्फच्या बॉडीवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर. पोस्टवर म्हणजे शिशावर, क्लॅम्पवर नाही. कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त आला तर पोस्ट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते लग, लग ते बॉडी असं तुकड्यातुकड्याने मोजत जा. मग पॉझिटिव्हची बाजू: पोस्टपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत, साधारण अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. बॅटरी मात्र आधी बघा. उभी असताना १२.६ दाखवणारीही सेल्फ मारताना ९.६च्या खाली कोसळली तर बाकी मोजमापाला अर्थ नाही.

आणि हे सगळं होईपर्यंत टर्मिनल हलवू नका, घासू नका, गरम पाणी तर ओतूच नका! हात लागला की खराब जोड तात्पुरता बसतो, गाडी चालू होते, मिस्त्री खूश. आठवड्याने टुरिस्ट वागातोरच्या चढावर अडकतो आणि मालकाचा फोन तुम्हालाच येतो.

सेल्फवर हातोडी मारणाऱ्यांवर माझा राग नाही. ठोकल्यावर चालू झाला तर सेल्फमधले कार्बन ब्रश झिजल्याचा अंदाज येतो. पण तेवढ्यावर पैसे घेऊन गाडी सोडणारे उस्ताद मला आवडत नाहीत. जो मिस्त्री मीटरला हात लावू देत नाही त्याच्याकडे फार काळ राहू नका. पगार थोडा कमी मिळाला तरी दुसरीकडे जा.

दोष समोर दिसेचना, तर गिऱ्हाइकालाच कामाला लावा. सेल्फच्या ५० नंबर टर्मिनलवरून (चावीचा हुकूम जिथे येतो तिथून) एक बारीक फ्यूजवाली वायर काढून डॅशबोर्डपर्यंत आणा, तिला छोटा बारा व्होल्टचा बल्ब लावा, दुसरं टोक बॉडीला. वायर सायलेन्सरच्या पाइपाला आणि पंख्याला लागणार नाही अशी बांधा. मालकाला सांगा: सेल्फ घेणार नाही तेव्हा चावी तशीच धरून बल्ब पेटतो का ते बघ. पेटला तर चावीचा हुकूम सेल्फपर्यंत पोचतोय; मग सेल्फ, त्याचं सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) आणि जाड केबली. नाही पेटला तर चावीचा स्विच, रिले, क्लच स्विच. मंद पेटला तर चावीपासून ५० नंबरपर्यंतच्या वायरीच्या वाटेवरचे जोड आणि रिलेचे पॉइंट बघा. मालक कुरकुरतो, पण बल्बचा फोटो पाठवतो.