क्वांटम चॅनलची कपॅसिटी शिकताय? मग 0.1893 वर थांबू नका

राहायला कळव्याला, जॉब तुर्भ्याला, त्यामुळे माझा क्वांटम इन्फर्मेशनचा अभ्यास ठाणे-नवी मुंबई ट्रान्स-हार्बरच्या गाडीत नाहीतर रात्री जेवणं आटोपल्यावर. डेन्सिटी मॅट्रिक्स, एन्ट्रॉपी येतंय असं धरून चालतो. कच्चं असेल तर आधी तेच करा, खरंच, क्रॅश कोर्सने हे भरून निघत नाही.

ठाण्याला दहा नंबरवर अनाउन्समेंट अर्धीच ऐकू आली की आपण शेजारच्याला विचारतो, काम होतं, कारण त्या माहितीची कॉपी निघते. क्यूबिटची, म्हणजे क्वांटम बिटची, निघत नाही. चॅनल म्हणजे माहिती जायची वाट, आणि कपॅसिटी म्हणजे दर वापराला त्यातून जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक जाते ते. इरेजर चॅनल घ्या, क्यूबिट हरवायची शक्यता पी. क्लासिकल कपॅसिटी 1 − पी, क्वांटम मात्र 1 − 2पी, म्हणजे पी अर्ध्यावर गेला की शून्य, कारण तिथे रिसिव्हर आणि एन्व्हायर्नमेंट (आजूबाजूचं जग, हरवलेलं सगळं जिथे जातं) दोघांच्या हाती सारखंच येतं, आणि दोघांनाही क्यूबिट परत काढता आला तर क्लोनिंगच झालं की.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. मी अडकलो ते डीपोलरायझिंग चॅनलला, जिथे क्यूबिट हरवत नाही, बिघडतो: एरर यायची शक्यता पी, आणि बिट पलटणं, फेज पलटणं, दोन्ही पलटणं, तिन्ही सारख्याच शक्यतेचे.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मी कोहेरंट इन्फर्मेशन (रिसिव्हरकडची एन्ट्रॉपी वजा एन्व्हायर्नमेंटकडची) काढली, 1 − एच(पी) − 1.585 पी (एच म्हणजे बायनरी एन्ट्रॉपी, 1.585 म्हणजे 3 चा बेस 2 लॉग), ग्राफ पी = 0.1893 ला शून्यावर टेकला आणि मी लिहून मोकळा, की याच्यापुढे क्वांटम कपॅसिटी नाही. व्हायवाला बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "चॅनल किती वेळा वापरलंस?" म्हटलं एकदा. "मग ही कपॅसिटी कशी?" मला पुढे बोलताच आलं नाही. गाईडनी रिपोर्ट न वाचता सही केली होती, त्याचा राग अजून आहे. शंभर पेपर पाठवणाऱ्या गाईडपेक्षा असा एक प्रश्न विचारणारं माणूस शोधा.

आता नीट वाचा. शॅननच्या 1948 च्या क्लासिकल थिअरीत एका वापराचा हिशोब पुरतो. क्वांटममध्ये लॉइड, शोर, देवेताक यांच्या प्रमेयात चॅनल एन वेळा एकत्र वापरायचं, एन्टँगल्ड (एकमेकांत गुंतलेले) इनपुट धरून, मग एनने भागायचं, आणि एन वाढवतच न्यायचा. एकदाच वापरून आलेला आकडा ही फक्त खालची मर्यादा. डीपोलरायझिंग चॅनलला 5 क्यूबिटचा साधा रिपीटिशन कोड (एक क्यूबिट पाचांत पसरवणारा) आत ठेवून त्यावर रँडम कोड चढवला की गाडी शून्याच्या वर राहून पी = 0.1904 च्या जवळ जाते. का? त्या कोडमध्ये फेज पहिल्या क्यूबिटवर पलटली काय नि चौथ्यावर काय, परिणाम एकच, मग कुठे पलटली ते शोधायचा खर्च वाचतो. याला डिजनरसी म्हणतात. 0.25 पासून पुढे कपॅसिटी नक्की शून्य, पण मधल्या पट्ट्याचं उत्तर अजून कोणाकडेच नाहीये. म्हणून ते तुम्हाला सुटलं नाही तर स्वतःला कमी समजू नका.

घाबरायचं कारण नाही, डीफेजिंगसारख्या (फक्त फेज पलटणाऱ्या) डीग्रेडेबल चॅनलला, म्हणजे जिथे एन्व्हायर्नमेंटकडे जाणारं सगळं रिसिव्हरला स्वतःकडच्यातून बनवता येतं, एक वापर खरंच पुरतो, 1 − एच(पी), झालं. सुरुवात तिथूनच करा. पण 2008 मध्ये स्मिथ आणि यार्ड यांनी शून्य क्वांटम कपॅसिटीची दोन चॅनल जोडून शून्यापेक्षा जास्त काढून दाखवली, तेव्हा "शून्य" लिहिताना हात आखडता घ्या.

तो 5 क्यूबिटचा हिशोब प्रोग्रॅम न लिहिता कागदावर करा. मला तीन शनिवार लागले, दर वेळी एरर मोजताना चुकायचो, शेवटी एकदा गाडीत घणसोलीच्या आसपास सगळ्या सिंड्रोमच्या (एरर ओळखायला घेतलेल्या मोजमापांच्या निकालांच्या) शक्यतांची बेरीज बरोबर 1 आली.