खाराची गणितं: समीकरण मिठाचं मांडा

मिश्रणाच्या शाब्दिक उदाहरणात टक्क्यांची बेरीज करायची नाही. ५ टक्के आणि २० टक्के खार (म्हणजे मिठाचं पाणी; टक्के म्हणजे एकूण वजनातला मिठाचा वाटा) एकत्र केला तर २५ टक्क्यांचा होत नाही. १२.५ टक्केसुद्धा दोन्ही वजनं सारखी असली तरच येतात. बेरीज होते मिठाच्या वजनाची, म्हणून समीकरणही मिठाचंच मांडायचं.

समजा, कैऱ्या मुरवायला १० टक्क्यांचा १२ किलो खार हवा आहे आणि हाताशी ते दोन खार आहेत. दाट खार क्ष किलो घेतला, तर पातळ (१२ − क्ष) किलो. दोन्हीकडचं मीठ मोजा:

०.२०क्ष + ०.०५(१२ − क्ष) = ०.१० × १२

०.१५क्ष = ०.६, म्हणून क्ष = ४. दाट ४ किलो, पातळ ८ किलो. ताळा: ८०० ग्रॅम + ४०० ग्रॅम = १२०० ग्रॅम मीठ. उत्तर काढण्याआधीच एक अंदाज बांधता येतो: १० हा आकडा ५ ला जवळ आहे, तेव्हा पातळ खार जास्त लागणार. उत्तर उलटं आलं, तर क्ष कशासाठी धरला होता ते आधी पाहा.

साधं पाणी म्हणजे ० टक्के, कोरडं मीठ म्हणजे १०० टक्के. १० टक्क्यांच्या ९ किलो खारात किती मीठ घातलं की तो १९ टक्क्यांचा होईल? ०.९ + क्ष = ०.१९(९ + क्ष), क्ष = १ किलो. बहुतेक मुलं इथं उजवीकडचा क्ष विसरतात आणि ०.८१ लिहितात. घातलेलं मीठ एकूण वजनही वाढवतं. याच कारणानं १ किलो पाण्यात १०० ग्रॅम मीठ घातलेला खार १० नव्हे, ९.०९ टक्क्यांचा असतो.

सगळ्यात जास्त गुण जातात ते ‘काढून टाकून तेवढंच पाणी घातलं’ या प्रकारात. बरणीत १५ टक्क्यांचा २० किलो खार आहे, तो १२ टक्क्यांचा करायचा आहे. खार काढला की त्याबरोबर मीठही जातं: ३ − ०.१५क्ष = २.४, क्ष = ४ किलो. काहीही न काढता नुसतं पाणी ओतायचं असेल तर समीकरण ३ = ०.१२(२० + क्ष) होतं आणि उत्तर ५ किलो येतं. प्रश्नातलं ‘काढून’ अधोरेखित करूनच पुढे जा.

आटवण्याच्या उदाहरणात मीठ तेवढंच राहतं, वजन घटतं. शिरोड्याच्या मिठागरात घेतलेलं १०० किलो समुद्राचं पाणी ३.५ टक्क्यांचं धरा. ते २५ टक्क्यांवर यायला ३.५ ÷ ०.२५ = १४ किलो उरलं पाहिजे, म्हणजे ८६ किलो पाणी उन्हानं उडालं. नेहमीच्या तापमानाला मीठ साधारण २६ टक्क्यांपर्यंतच विरघळतं. त्यामुळे विरघळलेल्या खाराचं उत्तर ४० टक्के आलं, तर मांडणी पुन्हा तपासा.