मोटर नुसती घुमते, फिरत नाही?

रावेर-यावलकडं मे महिन्यात केळीची पाण्याची एक पाळी चुकली तरी जीव खालीवर होतो. लाइट आली की आपण धावत जाऊन स्टार्टर दाबतो, आणि मोटर नुसती ‘घूंऽऽ’ करते. बहुतेक वेळा तीनपैकी एक फेज, म्हणजे लाइटच्या तीन तारांपैकी एक, गेलेली असते. लगेच बंद करा, बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. थांबलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. फिरू लागली की तिच्यातच विजेचा उलटा दाब तयार होतो आणि करंट उतरतो. फिरलीच नाही तर वायंडिंगचं, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचं, वार्निश जळतं.

चालू मोटरची फेज गेली तर ती फिरत राहते, पण उरलेल्या दोन तारांवर करंट पावणेदोन पटीपर्यंत चढतो. हे जास्त फसवं. म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर (फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र) काढून ‘डायरेक्ट’ जोडू नका. मी घाईत जोडलं होतं. बोअरमधून मोटर वर आली तेव्हा तांब्याची तार काळी ठिक्कर पडली होती.

साध्या डीओएल (मोटर थेट लाइटवर जोडणाऱ्या) स्टार्टरमधल्या, करंट वाढला की मोटर बंद करणाऱ्या रिलेचा काटा मोटरच्या प्लेटवरल्या अँपिअरवरच ठेवा. डीपीचा (ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीचा) फ्यूज उडाला असेल तर वायरमनलाच बोलवा, स्वतः हात घालू नका.