इंजिनीअरिंगच्या कॅप प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरताना या चुका टाळा

गेल्या वर्षी इंजिनीअरिंगच्या कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीचं अलॉटमेंट लागलं, त्याच संध्याकाळी एक मुलगा आईला घेऊन घरी आला. ऑप्शन फॉर्मवर पसंतीक्रमानं लिहिलेल्या कॉलेजांच्या यादीतला पहिलाच पर्याय मिळाला होता, पण दोघांचे चेहरे उतरलेले. "सर, हे कॉलेज आम्हाला नकोच होतं," आई म्हणाली. मग पहिल्या नंबरावर का टाकलं? "ओळखीतल्या एकांनी सांगितलं, जे नक्की मिळेल ते वर ठेवा, म्हणजे हातचं जात नाही."

हा सल्ला दरवर्षी कुणी ना कुणी देतं आणि तो साफ चुकीचा आहे. संगणक गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे एकेका मुलाची यादी घेतो आणि वरून खाली वाचत येतो. पहिलं बसत नसेल तर दुसरं, तेही नसेल तर तिसरं. वरचं हुकलं म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणजे आवाक्याबाहेरचं वाटणारं कॉलेज वर टाकल्यानं नुकसान शून्य. नकोसं वर टाकल्यानं मात्र वर्षं जातात, कारण ऑटो फ्रीझ. 2025-26 मध्ये चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही, तिसरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला की जागा आपोआप फ्रीझ. ती घ्या नाहीतर सोडा, पुढच्या कॅप फेऱ्यांत तुम्ही नाही. त्या मुलाचं हेच झालं होतं. यंदाचा नियम सीईटी सेलच्या (हे प्रवेश राबवणाऱ्या राज्याच्या कक्षाच्या) माहितीपत्रकात स्वतः वाचा आणि वरचे सहा पर्याय असे ठेवा की त्यांतला कुठलाही लागला तरी घरात आनंदच होईल.

फॉर्मवर 300 पर्यंत पर्याय टाकता येतात. तरी दहा-बारा टाकून थांबणारी मुलं बरीच भेटतात, आणि मग एकही जागा लागत नाही. वरती मनातलं, मधे जमण्यासारखं, तळाशी खात्रीचं, असं भरपूर लिहा.

बेटरमेंट, म्हणजे मिळालेली जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत आणखी चांगली मागणं, घेतलंत तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पुढच्या फेरीत नवी जागा लागली की आधीची गेली, मागून परत मिळत नाही. म्हणून त्या फेरीत हातातल्या जागेपेक्षा खरोखर आवडणारे पर्यायच टाका.

आता कटऑफ. "तिथं 92 ला क्लोज झालं," असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या रकान्यात? कटऑफच्या पीडीएफमध्ये जीओपीईएनएच, एलओपीईएनएस असे कोड असतात. सुरुवातीचा जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींसाठीची जागा. मधे प्रवर्ग. शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे, एस म्हणजे राज्यस्तर. बारावी कुठून झाली त्यावर तुमचं होम युनिव्हर्सिटी ठरतं. सोलापुरात बारावी केलेल्या मुलानं पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजचा एचचा आकडा बघून आशा धरली, तर तो आकडा त्याचा नव्हेच. टीएफडब्ल्यूएसचा (शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा) चॉइस कोड, म्हणजे फॉर्मवर टाकायचा कॉलेज-शाखेचा नंबर, हाही वेगळा असतो, तो वेगळा टाकावा लागतो. आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. 85 पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली साधारण पंधरा मुलं तुमच्या पुढे. जुना आकडा पुन्हा तसाच लागेल असंही धरू नका. 2024-25 पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, चांगल्या कॉलेजांच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली, कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या की आकडे हलतात.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नॉन क्रीमी लेयरचा. अकरावीच्या वेळी काढलेलं प्रमाणपत्र फाइलमध्ये असतं, त्यावरची 31 मार्चची तारीख कुणी वाचत नाही. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश आहे, त्या वर्षाच्या 31 मार्चपर्यंत ते चालायला हवं, म्हणजे 2025-26 साठी 31 मार्च 2026. जात वैधतेचा अर्ज तर बारावीच्या वर्षातच टाका.

फॉर्म सायबर कॅफेत भरायला हरकत नाही, पण मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. मागे एका मुलीच्या फॉर्मवर कॅफेवाल्याचा नंबर होता. ओटीपी त्याच्याकडे जायचा आणि दुकान रात्री आठला बंद. शेवटच्या दिवशी रात्री ती शटरसमोर उभी राहून फोन लावत होती. कन्फर्म केलेल्या फॉर्मची प्रिंट घ्या आणि प्रत्येक चॉइस कोड बोट ठेवून वाचा.

पहिल्या फेरीआधीच "आमच्याकडे सीट बुक करून टाका" म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. संस्थास्तरावरच्या म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचा लाभ मिळत नाही. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना 2024-25 पासून मिळणारी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफीही कॅपमधूनच. चार वर्षांचा हिशोब मांडून बघा, रक्कम लहान नसते.

सल्ला जरूर घ्या, पण ज्या कॉलेजचा विचार आहे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून. प्रॅक्टिकल खरंच होतात का, शिक्षक टिकतात का, फीशिवाय वर किती घेतात, हे त्यांना विचारा. शक्य असेल तर सुट्टी सोडून एखाद्या साध्या मंगळवारी जाऊन लॅबचं दार उघडं आहे का तेही बघून या.